आवाजाचं बटण

बाबांच्या रेडिओग्रामचं आवाजाचं बटण माझ्या आठवणीत कधी धड बसलेलं नव्हतं.

ती कमरेएवढी उंच लाकडी पेटी होती. पाय बारीक आणि तिरके. वरचं झाकण उचललं की उजवीकडे रेकॉर्डची तबकडी आणि डावीकडे आडव्या फळीवर रेडिओची बटणं. तबकडी फिरायची कधीच बंद झाली होती. तिच्यावर बाबांचा चष्मा, गोळ्यांची पाकिटं आणि नखं काढायची कात्री असायची. रेडिओ मात्र चालत होता. डावीकडचं पहिलं बटण आवाजाचं, आणि रेडिओ चालू-बंदही त्यानेच व्हायचा. ते फिरवलं की खुट्ट आवाज यायचा. मग आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत काहीच नाही. आणि मग शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून यावा तसा कुणाचा तरी आवाज हळूहळू जवळ यायचा.

त्या बटणाच्या बाजूला एक बारीक स्क्रू होता. तो आतल्या दांड्याला आवळून धरायचा. त्याचे आटे गेले होते. त्यामुळे बटण दांड्याभोवती नुसतं गरगर फिरायचं, नाहीतर सरळ हातात यायचं. बाबांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. वाण्याच्या पुड्यांना बांधून येणारा पांढरा दोरा ते कुणाला टाकू देत नसत. त्याचा गुंडा करून रेडिओच्या मागे ठेवलेला असायचा. त्यातला वीतभर दोरा तोडायचा, दांड्याला दोन-तीन वेढे द्यायचे, वरून बटण दाबून बसवायचं. मग ते काही दिवस नीट चालायचं. दोरा झिजला की पुन्हा वेढे.

आमच्या वाण्याने पुडे बांधणं बंद केलं आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून यायला लागलं, तेव्हा तो गुंडा लहान होत गेला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. तिथून पुस्तकं शिवायचा दोरा आणून पाहिला. त्याला मेण असतं, तो सरकायचा. बाबा म्हणाले, "पुस्तकाला चालतं ते रेडिओला चालत नाही." त्यानंतर ते पुड्याचा दोरा अगदी जपून वापरायला लागले. वापरलेला दोरासुद्धा झिजलेला भाग सोडून पुन्हा लावायचे.

शेवटच्या वर्षांत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्या हातात जोर राहिला नाही, पण बटण ते त्याच हाताने फिरवायला जायचे. मी आत स्वयंपाकघरात असले की हाक यायची, "आलं गं हातात." मी ओल्या हाताने जायची नाही, कारण दोरा ओला झाला तर सैल पडतो. हात पुसून जायची, वेढे द्यायची, बटण दाबायची. ते मान हलवायचे. एवढंच आमचं बोलणं असे दिवसभरात, कधीकधी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लग्न केलं नव्हतं. दादा, माझा मोठा भाऊ, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि द्रुतगती मार्ग झाल्यापासून "आता काय, दीड तासाचा तर रस्ता" असं म्हणायचा. दीड तासाचा रस्ता झाल्यावर तो पूर्वीपेक्षा कमी यायला लागला.

आमचं घर जुन्या पनवेलमधलं, बैठं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, समोर हातभर अंगण. बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं. ते मला अधूनमधून म्हणायचे, "हे घर तुझं आहे." असं ते मला म्हणायचे. आणखी कुणापुढे म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मला तेव्हा ते पुरेसं वाटायचं.

बाबा गेले ते पावसाळा संपताना. दहाव्याच्या दिवशी आम्ही घाटावर गेलो. दादा, वहिनी, मी, बाबांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि आळीतले चारसहा जण. बायका घाटावर जात नाहीत असं कुणीतरी पुटपुटलं. आत्या म्हणाली, "भाऊ माझा होता."

गुरुजींनी विधी उरकले, पिंड दगडावर ठेवला आणि आम्हाला लांब व्हायला सांगितलं. कावळे भरपूर होते. भिंतीवर ओळीने बसले होते. पण आमच्या आधी सकाळपासून दुसऱ्या घरांचे पिंड होऊन गेले होते आणि कावळ्यांची पोटं भरली होती, हे कुणालाही दिसत होतं. एकही जागचा हलला नाही.

"काही राहिलं असेल त्यांच्या मनात," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "ते बोला. मोठ्याने बोला."

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "चहा आवडायचा हो त्यांना." कुणीतरी टपरीवरून चहा आणला. तो पिंडाशेजारी ठेवला. कावळे बघत राहिले.

"साखर कमी पडली असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"मधुमेह होता, कमीच लागायची."

दोघेतिघे हसले. आत्या तेवढ्यात पुढे झाली. दादाच्या दंडाला धरून म्हणाली, "चहाबिहा काय घेऊन बसलात? अरे, बहिणीचं बोल. घराचं बोल."

"आत्या, इथे नको."

"इथे नको तर कुठे? तो काय आता घरी येणार आहे ऐकायला? हिला या घरातून कुणी उठवणार नाही, एवढं बोल, बघ येतो की नाही कावळा."

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो हात जोडून उभा होता. वहिनी पदर सावरत दुसरीकडे बघत होती. जिच्यासाठी मागायचं तिनेच तोंड उघडायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं, आणि मला विचारलंही कुणी नाही. बऱ्याच वेळाने दादाने घसा साफ केल्याचा आवाज आला. तो मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमच्या रेडिओचं बटण मी नीट बसवून देईन."

त्याच वेळी मागच्या रस्त्यावरून कळंबोलीकडून येणारा, लोखंडी सळ्यांनी भरलेला ट्रेलर गेला. तो खड्ड्यातून आदळला. सळ्यांचा जो आवाज झाला त्याने भिंतीवरचे सगळे कावळे एकदम उडाले. त्यांतला एक गोल फिरून खाली आला, पिंडावर बसला आणि चोच मारली.

"शिवला!" गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. लोक हात जोडून पायऱ्या चढायला लागले. "बघा," कुणीतरी म्हणालं, "रेडिओत जीव होता त्यांचा." आत्या एकटी जागेवर उभी होती. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "मेला कावळासुद्धा मुलाच्याच बाजूचा."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. दादाचाही नव्हता. कॉलेजात असताना त्याने आईच्या श्राद्धाला बसायलासुद्धा नकार दिला होता, आणि बाबांनी त्याला काही न म्हणता गुरुजींना परत पाठवलं होतं. तो ट्रेलर मी पाहिला होता, त्यानेही पाहिला असणार. पण घाटावर जमलेल्या सगळ्यांनी कावळा शिवताना पाहिला होता, आणि त्या आधी काय बोललं गेलं तेही ऐकलं होतं. ट्रेलर त्यांच्यापैकी कुणाला आठवत नव्हता.

तेराव्याचं गोड जेवण झालं. पाहुणे गेले. आत्याही तिच्या मुलाकडे गेली. दादाने बाहेरच्या खोलीत खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली आणि म्हणाला, "तुझं एकटीचं इथे कसं होणार?"

मी म्हटलं, "एवढे दिवस कसं झालं?"

"तेव्हा बाबा होते."

बाबा होते म्हणजे काय होतं, हे त्याला सांगावं असं मनात आलं. रात्री त्यांना कुशीवर वळवायला कोण उठायचं, ते विचारावं असंही आलं. तो सांगत राहिला. विमानतळ येणार म्हणून गावातल्या जागा बिल्डर शोधत होते. आमच्या शेजारची दोन्ही घरं द्यायला तयार होती, मधलं आमचं, आणि त्याच्या कागदांवर आम्हा दोघांच्याही सह्या लागणार होत्या. तिन्ही मिळून मोठी इमारत उठणार होती. इमारत होईपर्यंत मी पुण्याला त्यांच्याकडे राहावं, किंवा नव्या पनवेलला भाड्याने खोली बघू. पुढे इमारतीत वरच्या मजल्यावर काहीतरी मिळेल, ते कुणाच्या नावावर करायचं ते नंतर ठरवू.

"बाबा म्हणायचे, हे घर तुझं आहे," मी म्हटलं.

"मला कधी म्हणाले नाहीत."

"मला म्हणायचे."

तो मान खाली घालून, अगदी शांतपणे म्हणाला, "तसं काही त्यांच्या मनात राहिलं असतं, तर कावळा शिवला असता का? आत्याने घराचं काढलं तेव्हा तो आला नाही. मी बटणाचं बोललो आणि आला. सगळ्यांनी पाहिलं."

वहिनी आतून बडीशेप घेऊन आली होती, ती दारातच थबकली. मी दादाकडे बघत राहिले. पन्नाशीतला माणूस, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा, आणि बहिणीला घराबाहेर काढायला त्याला एक पक्षी साक्षीला लागत होता. मला राग यायच्या आधी हसू आलं. ते मी गिळलं.

"मग बटण बसव," मी म्हटलं. "कावळ्यासमोर बोलला आहेस. आधी ते कर. मग कागदांचं बघू."

"एवढंच ना?" तो म्हणाला. त्याला ते फार सोपं वाटलं.

तो दुसऱ्या दिवशी ते बटण खिशात घालून बाजारात गेला. मी बरोबर होते. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती करणारं एक जुनं दुकान होतं. आता तिथे काचेखाली मोबाईलची कव्हरं मांडलेली होती. दुकानातल्या तरुणाने बटण उलटसुलट करून पाहिलं, पुढे सरकवून दिलं.

"अब्बा होते तोवर हे चालायचं," तो म्हणाला. "आता आम्ही मोबाईलच करतो. जिथं ठेवलंय तिथं ठेवा ना, शोपीस म्हणून. फारच हलत असेल तर ते झटपट चिकटायचं ट्यूबमधलं टाका थोडं. हलायचं नाही."

दादाने तेवढं शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं.

त्याच संध्याकाळी दादा आणि वहिनी पुण्याला गेले. पुन्हा आले ते बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी. दादाने सोबत बिल्डरचे कागद आणले होते, आणि शर्टाच्या खिशात ती छोटी ट्यूब. मी जेवणाचं विचारलं. तो म्हणाला, "आधी काम."

मी त्याला दोऱ्याचं सांगितलं. गुंड्यात अजून दोन-चार वेळा पुरेल इतका दोरा होता. वेढे कसे द्यायचे ते दाखवते म्हटलं. त्याने हात हलवला. "दोरा म्हणजे पुन्हा सैल होणार. मला एकदाच काय ते नीट करायचंय."

झाकण उघडून तो वाकला. बटण काढून बाजूला ठेवलं. दांडा उघडा उभा होता, त्याला बाबांचा शेवटचा दोरा अजून गुंडाळलेला. मी लावलेला. दादाने तो नखाने सोडवला आणि जमिनीवर टाकला. मग वर न बघता म्हणाला, "हा स्क्रू मीच घालवला होता. माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"आठवीत असेन. बाबा कामावर गेले होते. बटण थोडं हलत होतं, म्हणून मी सुरीच्या टोकाने स्क्रू आवळायला गेलो. पिळतच गेलो. आटेच गेले. संध्याकाळी बाबा आले, बटण हातात आलं, त्यांनी सुरी पाहिली, मला पाहिलं. काही बोलले नाहीत. पुड्याचा दोरा आणला आणि गुंडाळायला बसले. मलाच दोरा धरायला लावला." तो थांबला. "बोलायला हवं होतं त्यांनी मला. मारायला हवं होतं खरं तर. घाटावर तेच आलं एकदम तोंडात. दुसरं काही सुचलंच नाही."

हे तो खरं सांगत होता. त्याचे डोळे भरले होते. माझ्यातलं मात्र काहीतरी त्या क्षणी आटलं. मी इतकी वर्षं बाबांना विचारत आले होते की हे बटण असं कसं झालं, आणि ते दर वेळी म्हणायचे, "जुनं आहे, झिजलं." त्यांनी त्याला वाचवलं होतं. माझ्यापासूनसुद्धा. मी ज्या दोऱ्याचे वेढे देत आले होते तो त्या दोघांचा होता. त्याच्या चुकीवर बाबांनी घातलेलं पांघरूण मी रोज नीट करत होते, आणि मला वाटत होतं की हे काम आमचं दोघांचं आहे.

दादाने बटण पुन्हा दांड्यावर बसवलं आणि त्याच्या कडेने ट्यूब दाबली. भरपूर दाबली. बटणं फळीवर वर तोंड करून होती, त्यामुळे ते पातळ चिकट पाणी दांड्यावरून खाली, आत उतरत गेलं. मला ते दिसलं. मी म्हटलं, "बेताने." तो म्हणाला, "कमी पडायला नको." थोडं तबकडीच्या कडेवर सांडलं, थोडं त्याच्या बोटांना लागलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली. वहिनीने त्याला न्हाणीत नेलं. तिच्या पर्समध्ये नेलपॉलिश काढायची छोटी बाटली होती. कापसाने ती त्याची बोटं सोडवत बसली. दोघं आत होती तोवर मी खाली पडलेला दोरा उचलून गुंड्याला गुंडाळला.

दादा बोटं पुसत बाहेर आला. रेडिओपाशी गेला, बटण चिमटीत धरलं आणि वर ओढून पाहिलं. हललं नाही. बाजूला ढकललं. हललं नाही.

"बघ," तो म्हणाला. "दगडासारखं बसलं."

"फिरतं का?" मी विचारलं.

त्याने फिरवलं. मग दुसऱ्या हाताने फिरवलं. मग दोन्ही हातांनी. त्याचा चेहरा लाल झाला. बटण, दांडा आणि आतलं जे काही होतं ते सगळं एकच झालं होतं. आणि ते बंदवर चिकटलं होतं. खुट्ट होण्याच्या अलीकडे.

वहिनी म्हणाली, "बसलं ना पण."

"हो," दादा म्हणाला. "बसवून देईन म्हणालो होतो, बसवलं. आता ते सैल नाही." त्याने टेबलावरचे कागद सरळ केले, खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. "ये. सही कर. जेवण करून निघू आम्ही."

मी उभी होते तिथेच राहिले. मी हळू बोलते, माझा आवाज लहान आहे, ग्रंथालयातल्या कामाने तो आणखी लहान झाला आहे. पण त्या खोलीत रेडिओ चालू नव्हता आणि माझं बोलणं स्पष्ट ऐकू गेलं असणार.

"नीट बसवून देईन, म्हणाला होतास," मी म्हटलं. "नीट. बटण फिरलं की सही करते."

"हे काय बोलतेस?"

"बाबांच्या मनात तेवढं एकच राहिलं होतं, तूच म्हणालास. ते पुरं झालेलं नाही. त्यांचं मन अडकलेलं असताना त्यांचं घर कसं पाडायचं?"

"तुझा विश्वास आहे कावळ्यावर?"

"तुझा होता ना. तेराव्याला."

त्याने पेन उचललं, कागद उचलले. वहिनीला म्हणाला, "चल." पानं वाढलेली होती. भात निवत होता. वहिनीने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि चपला घातल्या. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. गाडी आळीतून मागे मागे घेत बाहेर काढायला त्याला बराच वेळ लागला, तेवढा वेळ मी दारात उभी होते, पण त्याने काच खाली केली नाही.

संध्याकाळी मी न्हाणीत गेले तर फडताळावर ती नेलपॉलिश काढायची बाटली राहिली होती. शेजारी कापसाचा बोळा. मी तो बोळा बाटलीत बुडवून आणला आणि तबकडीच्या कडेवर जिथे गोंद सांडून कडक झाला होता तिथे चोळला. आधी काही झालं नाही. मग तो पांढरा झाला, मऊ पडला आणि निघून आला. खालचं जसं होतं तसं. मी बोळा टाकून दिला, बाटलीचं झाकण लावलं आणि ती परत फडताळावर ठेवली.

त्यानंतर दादाने पुण्याला रेडिओ दुरुस्त करणारे शोधले. दोघातिघांना विचारलं म्हणे. कुणी पनवेलपर्यंत यायला तयार नव्हतं, आणि पेटी तिकडे न्यायची तर ती माझ्या घरात होती. मी नको म्हटलं नाही. "घेऊन जा" असंही म्हटलं नाही. त्याचे फोन आधी आठवड्याने यायचे, मग महिन्याने. "बटणाचं काय?" तो विचारायचा. "तसंच आहे," मी सांगायची. बिल्डर थांबेना. त्याने शेजारची दोन्ही घरं घेतली आणि आमचं मध्ये सोडून एका बाजूचं पाडायला सुरुवात केली. दिवसभर धूळ यायची. मी रेडिओग्रामवर जुनी चादर घातली. बाजूचे मजले वर चढले तसं अंगणातलं ऊन सकाळीच संपायला लागलं. तुळस मी दोनदा बदलली, दोन्ही गेल्या.

उरणच्या बाजूने एक कोळीण आमच्या आळीत मासळी घेऊन येते. बाबा असताना ती पाटी दारात उतरवायची, बातम्या संपेपर्यंत टेकायची आणि मगच मासळीचा भाव सांगायची. सुतक संपल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा रडली. नंतर येत राहिली. एक दिवस पाटी उतरवून आत डोकावली.

"काय गो बाय, रेडू बंदच असतो तुजा. बिगडला?"

"नाही," मी म्हटलं. "दुरुस्त झाला."

"दुरुस्त झालाय नि बंद हाय? ही कंची दुरुस्ती गो?"

"भावाने केली."

ती माझ्याकडे बघून हसली. मग हसायची थांबली. बोंबलांवरचं ओलं फडकं बाजूला करत म्हणाली, "घे, ताजं हायत." मी घेतले. बाबांना आवडायचे. मला एकटीला एवढे लागत नाहीत हे मी तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी सातला, बातम्यांच्या वेळेला, अजूनही माझा हात ओला असला तर मी तो पुसते. मग आठवतं. घर आहे. त्यात कुणाचा आवाज नाही. बटण सुटलं तर घर जाईल, असं ते दोन्ही आता एकत्र चिकटलेलं आहे.

वर्षश्राद्धाला दादा आणि वहिनी आली. त्याचे कानावरचे केस पांढरे झाले होते. गुरुजी होते, आत्या होती. सगळं रीतसर झालं. पान बाहेर ठेवलं, कावळा लगेच आला. शेजारच्या इमारतीला बांधलेल्या परांचीच्या बांबूंवर त्यांची वस्तीच होती आता. आत्या मोठ्याने म्हणाली, "आज कुणी काही कबूल केलं नाही तरी आला हो."

जेवणं झाल्यावर तो बाहेरच्या खोलीत एकटाच होता. मी ताटं उचलताना पाहिलं. त्याने चादर बाजूला केली, झाकण उघडलं आणि बटणावर हात ठेवला. जोर लावला नाही. नुसता ठेवला. मग मला पाहून म्हणाला, "अजून तसंच."

"हो."

"काही उपाय नाही का गं याला?"

मी ताटं घेऊन आत गेले.

वहिनी न्हाणीतून हात धुऊन येत होती. तिच्या हातात ती छोटी बाटली होती. त्या संध्याकाळनंतर मी ती कधी उघडली नव्हती, तरी ती निम्म्यावर आली होती. झाकण नीट बसत नसावं, आतलं आपोआप उडत होतं. वहिनीने बाटली उजेडाकडे धरून पाहिली, मग बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, जिथे दादा अजून त्या पेटीपाशी उभा होता, आणि मग माझ्याकडे.

"ही माझीच ना?" तिने विचारलं.

"हो. न्यायची का?"

ती पुन्हा न्हाणीत गेली. बाटली फडताळावर ठेवल्याचा आवाज आला.

"असू दे इथेच," ती म्हणाली.